सातव्या भागाचा शेवट

वितरक दुपारी येणार होते. त्याआधी चित्रपटमालिकेचा सातवा भाग घरच्यांनी बघायचा, असं दादांनी ठरवलं होतं. सहाही भागांच्या वेळी तसंच झालं होतं. आधी घर, मग बाजार, मग जग.

स्टुडिओच्या छोट्या प्रेक्षागृहात सगळे सकाळीच जमले. पहिल्या रांगेत दादा एकटेच बसले. निर्मात्याचा मान म्हणून नव्हे, गुडघे दुखायचे, पाय लांब करायला जागा लागायची म्हणून. त्यांच्या मागे मधला भाऊ आणि त्याची बायको. मधल्याला आता घरातही कोणी नावानं हाक मारत नसे. सहा भाग तो अवकाशयानाचा कप्तान झाला होता, तेव्हापासून सगळ्यांचा कप्तानच. धाकटा भाऊ संकलक. लहानपणी चिडवायला ठेवलेलं ‘कात्री’ हे नाव त्याला पुढे धंद्यानं खरं करून दिलं. तो वर यंत्राच्या खोलीत होता. आणि त्याची मुलगी चिमणी, जिनं हा सातवा भाग दिग्दर्शित केला होता, ती बसलीच नव्हती. दाराशी भिंतीला टेकून उभी होती.

कप्तानाची बायको स्टुडिओचं पोशाख खातं सांभाळायची. कात्री तिला वहिनी म्हणायचा, ते ऐकून ऐकून दादाही वहिनीच म्हणू लागले होते. चित्रपट सुरू झाला की तिचं लक्ष गोष्टीकडे नसे. बाही, कॉलर, शिवण. अख्खं विश्व जळत असलं तरी तिला दिसायचं ते एवढंच.

पहिला अर्धा भाग नेहमीसारखा गेला. यान, निळा उजेड, काचेवरून सरकणारे तारे. दादांची बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरत होती. दुसऱ्या अर्ध्यात काय होणार हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शहरावर हल्ला होणार, मनोरा कोसळणार, कप्तान मेला असं सगळ्यांना वाटणार, आणि अगदी शेवटी ढिगाऱ्यातून त्याचा हात हलणार. हात हलला की थिएटर उठून उभं राहायचं. हे सहा वेळा झालं होतं आणि सहाही वेळा लोक उठले होते.

सातव्यात हल्ला झालाच नाही. कप्तान मोहिमेवरून परत आला, यानातून उतरला, आणि सहा वेळा ज्या शहराला वाचवलं होतं त्या शहरात त्याला आपलं घर सापडेना. तो एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेला. दारापाशी थांबला, पुढे गेला, परत त्याच दारापाशी आला. माणसं बाजूनं जात होती. कोणी ओळखलं नाही असं नव्हतं. ओळखून हसत होती आणि पुढे जात होती. त्याला घर सापडत नाहीये, हे कोणाच्या डोक्यातही येत नव्हतं.

दादांची बोटं थांबली.

वहिनीला मात्र दुसरंच दिसलं. कप्तानाच्या कोटाची बटणं एक काज सोडून लागली होती. पहिली प्रतिक्रिया रागाची होती. तिच्या खात्यातून असली चूक पडद्यावर कधी गेली नव्हती. मग तिला आठवलं, चित्रीकरणाच्या त्या दिवशी त्यानं मदतनीसाला बाहेर काढून स्वतःच कोट घातला होता. आणि मग तिनं पडद्यावरचा त्याचा डावा हात पाहिला. तो मांडीवर घासला जात होता, पुन्हा पुन्हा. स्वयंपाकघराच्या दारात येऊन, आपण कशाला आलो हे न आठवून तो उभा राहायचा, तेव्हा असाच हात घासायचा. हे गेले कित्येक महिने ती एकटी बघत होती. कोणाला बोलली नव्हती. त्यालाही नाही.

तिनं शेजारी पाहिलं. कप्तान शांतपणे पडद्याकडे बघत होता.

शेवटी पडद्यावरचा माणूस एका पायरीवर बसला. संगीत थांबलं. कॅमेरा लांब लांब गेला. दिवे लागले.

“वर या सगळे,” दादा म्हणाले आणि गुडघ्यांवर हात देऊन उठले.

*

चिमणीनं या बैठकीची तयारी केली होती. काय बोलायचं, कोणत्या क्रमानं बोलायचं, सगळं. पण दादांच्या खोलीत शिरताच ते सगळं विसरायला झालं. त्या खोलीच्या भिंतींवर सहा भित्तिपत्रकं होती आणि सहाहींवर कप्तानाचाच चेहरा होता. सातव्याची जागा मोकळी ठेवलेली होती.

दादा ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते ओरडले नाहीत.

“तुला अख्खं शहर बांधून दिलं,” ते म्हणाले. “मजल्यांचं, मनोऱ्यांचं. सुतार, रंगारी, वीजवाले, सगळे त्यावर राबले. कशासाठी? कोसळवण्यासाठी. आणि तू त्यात माणूस फिरायला सोडलास. शहर जसंच्या तसं उभं आहे खाली.”

“कोसळलेलं शहर लोकांनी सहा वेळा पाहिलंय, मोठे काका.”

“म्हणून तर सातव्यांदा येतात. लहान मूल झोपताना रोज तीच गोष्ट मागतं. एक शब्द बदलून बघ. लगेच म्हणतं, असं नाही, तसं होतं.”

“मूल मोठं होतं.”

“तोवर दुसरं जन्माला येतं. त्यालाही तीच हवी असते.” दादांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. हे ते मनापासून मानत होते, आणि याच विश्वासावर त्यांनी स्टुडिओ उभा ठेवला होता, हे चिमणीला माहीत होतं. “लोक म्हणतात नवीन द्या. आणि रांगा लावतात जुन्याला. पैसे घालणारा माणूस रांगेकडे बघतो. मी बघितलं नाही तर खालच्या सुतारानं कोणाकडे बघायचं?”

चिमणीनं वडिलांकडे पाहिलं. महिनोन्‌महिने दोघं बाप-लेक एका टेबलाशी बसून हा चित्रपट जोडत होते. आता ते बोलतील, असं तिला वाटलं.

कात्री बोलला. “दादा, खरं सांगायचं तर हिचा शेवटही काही आभाळातून पडलेला नाही.”

“बाबा?”

“माणूस पायरीवर बसतो, संगीत थांबतं, कॅमेरा लांब जातो. महोत्सवाला गेलो की असे शेवट मी पोत्यानं बघतो. तोही साचाच आहे. त्या साच्याला टाळ्या जरा हळू वाजतात, एवढंच.”

चिमणीचा चेहरा उतरला. “मग जोडताना का नाही बोललात?”

“तेव्हा शेवटाकडे माझं लक्षच नव्हतं. तो गल्लीतून चालतो तिकडे होतं.” कात्री खाली बघत म्हणाला. “ते मात्र मी कुठेच पाहिलेलं नाही. इतकी वर्षं कात्री चालवतोय, पण तिथं कुठं कापायचं ते मला कळेना. म्हणून कापलंच नाही.”

“दोघांचं झालं?” दादा म्हणाले. “आता माझं ऐका. शेवटची वीस मिनिटं पुन्हा करायची. हल्ला, मनोरा, सगळं. कप्तान दमलाय, मला दिसतंय. त्याला त्रास द्यायचा नाही. मागच्या भागाच्या वेळी त्याचा चेहरा सगळ्या बाजूंनी टिपून ठेवलाय. एखादा तरणा मुलगा उड्या मारेल, त्याच्यावर संगणकानं ह्याचा चेहरा बसवू. ह्यानं यायचीसुद्धा गरज नाही. आठवा, नववा, दहावा. कप्तान म्हातारा होणारच नाही.”

हे बोलताना ते भावाकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत माया होती. चिमणीला तेच सगळ्यात भयंकर वाटलं.

“आणि घरी जो असेल त्याचं काय करायचं?”

वहिनी दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. घरच्या बैठकांत ती सहसा बोलत नसे. बोललीच तर कापडाबद्दल.

“कोण घरी?” दादांनी विचारलं.

“गल्लीतून चालतोय तो अभिनय नाही, दादा. बटणं बघा त्याची. तो खराच हरवलाय.” मग ती चिमणीकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “तुला ते कळलं होतं. आणि तू कॅमेरा चालू ठेवलास.”

चिमणीनं मान हलवली. “हो, काकू.”

 दादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“पोरी,” ते म्हणाले, “माझा साचा असेल जुना. पण माझ्या भावाचं दुखणं मी कधी तिकीट लावून दाखवलं नाही.”

चिमणीकडे उत्तर होतं. पण ते देण्याचा हक्क तिचा नव्हता. तिनं तसा शब्द दिला होता. ती गप्प राहिली, आणि पहिल्यांदाच या खोलीत तिच्या बाजूनं एकही माणूस उरला नाही.

“तिला नका बोलू,” कप्तान म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. तो खिडकीजवळ उभा होता. पडद्यावरचा तो भारदस्त आवाज घरात तो कधीच वापरत नसे; घरात तो मऊ बोलायचा.

“चित्रीकरणाच्या आधीच मी तिला सांगितलं होतं. मला संवाद राहत नाहीत. आधी वाटलं वय झालं. मग एकदा स्टुडिओतून घरी येताना वळणच आठवेना. डॉक्टरकडे तिच्याबरोबर गेलो. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, ते मी विसरलो.” तो किंचित हसला. “म्हणजे निदान बरोबर असावं.”

कोणी हसलं नाही.

“पटकथा तिनं त्यानंतर बदलली. मला थोडंच बोलावं लागेल अशी. गल्लीच्या दृश्याच्या दिवशी मात्र मी खरंच चुकलो. शहर आपलंच, लाकडाचं, आणि मला बाहेर पडायची वाट सापडेना. संध्याकाळी चिमणी रडत आली. म्हणाली, फेकून देते. मी म्हटलं आधी दाखव. पाहिलं आणि म्हटलं, ठेव. सहा भाग मी मेल्याचं सोंग करून उठलो, दादा. एक तरी गोष्ट जशी झाली तशी राहू दे.”

“मला का नाही सांगितलंस?” दादांनी विचारलं.

“तू मला घरी बसवलं असतंस.”

“मीही विसरतो. परवा चष्मा डोक्यावर होता आणि घरभर शोधला. याला काय रोग म्हणायचं? बरं होईल. चांगला डॉक्टर बघू.”

“दादा,” कप्तान म्हणाला, “यातून कोणी परत येत नाही.”

मग त्यानं टेबलावरचा आपला रुमाल उचलला. “शहर पाडायच्या आधी एकदा बघून येतो,” म्हणाला आणि खाली निघून गेला.

वहिनी त्याच्या मागे जिन्यापर्यंत गेली. चिमणीला दोघांचं बोलणं ऐकू आलं. दार उघडंच होतं.

“तिला सांगितलंत. मला नाही.”

“तुला सांगितलं असतं तर खरं झालं असतं ते.”

“मला माहीतच होतं.”

“तेही मला माहीत होतं,” कप्तान म्हणाला. “म्हणून तर तू रोज सकाळी खोटं कारण काढून माझे कपडे खुर्चीवर मांडून ठेवायचीस. आधी सदरा, मग विजार.”

 थोड्या वेळानं वहिनी परत आत आली आणि चिमणीच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. राग गेला नव्हता. पण बसली तिथेच.

*

दादा मागच्या दारानं खाली, चित्रीकरणाच्या दोन नंबरच्या दालनात उतरले. दिवे बंद होते. छताजवळच्या झरोक्यांतून दुपारचा उजेड येत होता. शहर उभं होतं. समोरून दगडी, मागून फळ्या आणि टेकू. रंगाचा वास अजून गेला नव्हता.

कप्तान एका दारासमोर उभा होता. त्यानं ते उघडलं. मागे फळ्या होत्या. त्यानं नीट लावून घेतलं आणि पुढच्या दाराशी गेला.

“त्यांच्या मागे काही नाही रे,” दादा म्हणाले.

“माहीत आहे. तरी उघडून बघावं लागतं.”

दादा त्याच्याबरोबर चालू लागले. गल्ली अरुंद होती, दोघांचे खांदे लागत होते. लहानपणी शाळेत जाताना मधल्याचा हात धरायचं काम त्यांचंच होतं. आई गेली तेव्हा हा एवढासा होता. रात्री उठून बसायचा, आई परत कधी येणार विचारायचा. दादा सांगायचे, येईल. कुठून येईल, कशी येईल, याची रोज एक गोष्ट रचायचे. गोष्टीत आई वाटेत अडकायची, पूल तुटायचा, आग लागायची, आणि शेवटी यायचीच. तेवढं ऐकलं की हा झोपायचा. लोकांना काय आवडतं याचा अभ्यास म्हणून पुढे मासिकवाले त्यांच्या मुलाखती घेत. दादांनी कसलाही अभ्यास केला नव्हता. त्यांना एकच गोष्ट सांगता येत होती.

“तुला आठवतं,” त्यांनी विचारलं, “मी आईच्या गोष्टी सांगायचो?”

“ते पक्कं आहे अजून. जुनं राहतं म्हणे शेवटपर्यंत.”

“खोटं सांगायचो मी.”

“मला कळायचं, दादा.”

“कधीपासून?”

“पहिल्याच दिवसापासून. अरे, मी तिला नेताना पाहिलं होतं ना.” कप्तानानं आणखी एक दार उघडून लावलं. “पण तू इतका घामाघूम होऊन सांगायचास. नाही म्हणवत नसे. तुला बरं वाटावं म्हणून झोपायचो.”

दादा चालता चालता थांबले. समोर सुताराचं एक उंच स्टूल राहून गेलं होतं, त्यावर टेकले.  कप्तान शेजारी उभा राहिला. त्यानं भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

“तो चेहऱ्याचा प्रकार,” तो थोड्या वेळानं म्हणाला, “तो नको करू. मी बिछान्यात पडलेला असेन, आणि बाहेर मीच उड्या मारत असेन. हिनं कोणाकडे बघायचं? तू कोणाकडे बघायचं?”

“लोक नाराज होतील.”

“होऊ देत. सहा वेळा खूश होते.”

वितरक आले तेव्हा दादांनी त्यांना चहा दिला, चित्रपट पूर्ण दाखवला, आणि दिवे लागल्यावर सांगितलं की शेवट असाच राहील. वितरकांतल्या मुख्य बाई शहाण्या होत्या. त्या म्हणाल्या, “दादा, चित्रपट मला रडवून गेला. पण लहान मुलांना घेऊन येणाऱ्या बापाला मी काय सांगू?” दादा म्हणाले, “खरं सांगा. की या वेळी वेगळी गोष्ट आहे.” बाईंनी ठरलेल्यांपैकी निम्मी थिएटरं काढून घेतली. दादांनी घासाघीस केली नाही.

त्या संध्याकाळी चिमणी वडिलांच्या टेबलाशी जाऊन बसली. “पायरी काढा,” ती म्हणाली. “बसणं, कॅमेरा लांब जाणं, सगळं.”

“मग संपवायचं कुठं?”

“तो चालत असतानाच.”

कात्रीनं तिच्याकडे पाहिलं. तो शेवटचा प्रसंग तिला किती आवडत होता ते त्याला ठाऊक होतं. त्यानं काही न बोलता तो काढला.

*

सातवा भाग कोसळला असं कोणी म्हणालं नाही आणि चालला असंही नाही. पहिल्या दिवशी काही लोक चिडून निघून गेले. काही जण दुसऱ्यांदा आले, आणि येताना आपल्या म्हाताऱ्यांना घेऊन आले. आठवा भाग झाला नाही. दोन नंबरचं दालन दादांनी दुसऱ्या कंपनीला दिलं. शहराच्या फळ्या सुतार-रंगाऱ्यांनी उतरवल्या. त्यातले बरेच जण त्या कंपनीत लागले, काही लागले नाहीत. त्यांतला एक रंगारी चिमणीला रस्त्यात भेटला तेव्हा त्यानं नमस्कार केला नाही. घरी आल्यावर तिनं ते सांगितलं. दादा म्हणाले, “त्याचं बरोबर आहे. तुझंही चूक नाही. हे दोन्ही घेऊन राहावं लागतं.”

वहिनीनं चिमणीला माफ केलं की नाही, हे दोघींनीही कधी बोलून दाखवलं नाही. पण कप्तानाला डॉक्टरकडे न्यायचं असलं की ती चिमणीलाच फोन करायची.

चित्रपट उतरायला आला तेव्हा दादांनी एका साध्या थिएटरातली दुपारची तिकिटं काढली. घरचे पाच जण. प्रेक्षक तुरळक होते. या वेळी दादा पहिल्या रांगेत बसले नाहीत. ते कप्तानाच्या उजवीकडे बसले, डावीकडे वहिनी. कात्री आणि चिमणी मागे.

तोवर कप्तानाचं बरंच पुसलं गेलं होतं. आल्यापासून तो पडद्याकडे पाहुण्यासारखा बघत होता. यान उतरलं. माणूस शहरात आला. एका दारापाशी थांबला, पुढे गेला, परत आला.

कप्तान पुढे झुकला. मागच्या रांगेत कात्रीला त्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

“दादा, ह्याला घर सापडतं का रे शेवटी?”

 चिमणीनं वडिलांचा हात धरला. ‘सापडतं’, एवढं एक वाक्य तर दादांना आयुष्यभर बोलता येत होतं.

“नाही सापडत,” दादा म्हणाले.

कप्तानानं मान हलवली. वहिनीनं हळूच विचारलं, “दमलात का? घरी जाऊ या?”

“नको,” तो म्हणाला. “त्याचं होईपर्यंत बसू. एकटाच आहे बिचारा.”